लाल डब्यातले खडे

९ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या पायवाटेचा एकदाचा निकाल लावायचा आहे, म्हणून हे पत्र. दुसरं काही मनात आणू नकोस. तीन वर्षं तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही, आणि दोघांचंही काही अडलं नाही. आता माझं अडलंय.

त्या पायवाटेखाली तू काय पुरून ठेवलं आहेस ते सरळ कळव. खडी? चुना? मी ती जमीन तीनदा खणली, खत घातलं, गवताचे गड्डे आणून लावले. आठ दिवस सगळं हिरवं दिसतं. नवव्या दिवशी मधोमध पुन्हा तो मातकट पट्टा, ओढ्यावरच्या पुलापासून निघून वाकड्या झाडाशी वळणारा, अगदी तू सोडून गेलास तसाच. वरच्या अंगाला माझ्या त्रेचाळीस पायऱ्या आहेत. घडीव दगडाच्या. एकेक दगड मी माझ्या हाताने बसवलाय, आणि माथ्यावर उभं राहिलं की सगळा ओढा दिसतो. तिथे फलक आहे, फलकावर बाण आहे. लोक काय करतात माहीत आहे? बाणाच्या खांबाला टेकून बुटाची नाडी बांधतात आणि खाली तुझ्या चिखलाकडे वळतात. माझा तिळपापड होतो.

न्याय रीतसर झाला होता, हे तू विसरला असशील तर आठवण करून देतो. बागेच्या अधिकारी मॅडमनी सांगितलं होतं की दोघा भावांनी वाटेच्या दोन रेषा आखल्या आहेत, दोन्ही सात दिवस उघड्या ठेवा आणि लोक कुठून जातात ते मोजा. ज्याची रेषा जिंकेल ती पक्की होईल आणि तोच मुकादम. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली काम करायचं. मोजायला दोघांना चालेल असं एकच माणूस होतं, आई. ती दोन वाटांच्या फाट्यावरच्या बाकावर रंगाचे दोन रिकामे डबे घेऊन सात दिवस बसली. हिरवा डबा माझा, लाल तुझा, आणि माणसामागे एक खडा. नियमसुद्धा तूच केला होतास: कुत्रा मोजायचा नाही, बाबागाडीतलं पोर मोजायचं नाही, ज्याचे पाय मातीला लागले त्याचाच खडा. शेवटी हिरव्यात दोनशे चौदा निघाले, लालमध्ये एकशे एकाहत्तर. मॅडमनी स्वतः मोजले.

यावर तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचललीस आणि चालता झालास. माझ्याशी बोलला नाहीस ते मी समजू शकतो. पण तू आईशी बोलणं टाकलंस. दारात ती उभी होती आणि तू तिच्या बाजूने निघून गेलास, जसा काही दारात खांब आहे. मोजणी तिने केली आणि ती माझ्या बाजूने निघाली, याला ती काय करणार, आणि मी तरी काय करणार?

ऐकतो की तिकडच्या बागेत तुला मोठी जागा मिळाली आहे. फिरायला गाडीही दिली म्हणे. छान. तर खाली काय पुरलंय तेवढं कळव.

मुकादम,
ओढ्याकाठची बाग


२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तीन वाक्यं. "दादा, खाली काहीही पुरलेलं नाही. लोक चालतात म्हणून गवत येत नाही. आई कशी आहे?"

उत्तर दिलंस की टोला हाणलास? तुझी ही जुनी खोड. लहानपणी मी तासभर पतंगाची शेपटी बांधत बसायचो आणि तू येऊन म्हणायचास, दादा, आज वाराच नाही. खरं असायचं तुझं, म्हणून जास्त चीड यायची.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, हातात काठी आली आहे, पण रोज सकाळी बागेत एक फेरी मारते. तुझं कार्ड मी वाचून तिच्या हातात दिलं आणि चूक केली. आता ते तिच्या चष्म्याच्या डबीत असतं. भाजी निवडायची म्हणून चष्मा काढायला जाते, आधी कार्ड निघतं, मग ती ते वाचते, मग भाजी. दिवसातून पाच वेळा तरी. तीन तर वाक्यं आहेत त्यात, आणि त्यातलं तिच्याबद्दल एक! मी रोज तिच्यासमोर बसून जेवतो. तिचं औषध मी आणतो, तिच्या खोलीतला दिवा मी बदलतो, पावसात तिच्या खिडकीला फळी मी ठोकतो. मी चष्म्याच्या डबीत मावत नाही, हाच माझा गुन्हा.

तुझी वहिनी म्हणते, तुम्हाला पोटात दुखतंय. दुखतंय तर दुखतंय. तीन वर्षं गायब राहून माणूस एवढा लाडका होत असेल, तर मीही जाऊन बघावं म्हणतो कुठेतरी.

तुझ्या पायवाटेचा बंदोबस्त मी आता माझ्या पद्धतीने करतो. दोन्ही टोकांना बोगनवेल लावली आहे. ती वाढेपर्यंत छाटलेल्या काटेरी फांद्या आडव्या टाकतो.

मुकादम


२० फेब्रुवारी

धाकट्या,

गंमत ऐक. मी संध्याकाळी फांद्या टाकतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर पायवाट मोकळी. कुणी रागाने फेकून दिल्या असत्या तर मी समजलो असतो. हा जो कोणी आहे तो फांद्या उचलून कडेला नीट रचून ठेवतो. लांब फांद्या खाली, आखूड वर, सगळ्यांची देठं एका बाजूला. रोज. माझ्या नाकावर टिच्चून.

मला कुत्रेवाल्या आजोबांचा संशय आहे. आठवतात ना? लोकरीची टोपी, आणि त्यांच्याहून म्हातारा झालेला तो पिवळा कुत्रा. कुत्रा मोकळा सोडतात म्हणून मी त्यांना दोनदा झापलं होतं, त्याचा वचपा काढत असतील. मी त्यांना विचारलं, फांद्या तुम्ही उचलता का? ते म्हणाले, "मुकादम, मला वाकता येतं असं वाटतं का तुम्हाला?" कुत्र्यानेही माझ्याकडे असं पाहिलं, की मीच शेपूट घालून परत आलो.

तुझ्या वहिनीला हे सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, उंचीप्रमाणे रचतो का, बरं बरं. आणि भांडी घासायला गेली. तिला काय हसू आलं कोण जाणे.

असो. फांद्यांनी भागत नाही, तेव्हा मी आता वाकड्या झाडाजवळ बांबू बांधलाय. झाडापासून पलीकडच्या खांबापर्यंत आडवा, गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही टोकांना तारेने आवळून. हा कुणाला उचलून रचता येणार नाही. ज्याला जायचं असेल त्याने मुकाट्याने माझ्या पायऱ्यांनी जावं. पायऱ्या काही चावत नाहीत.

आई ठीक. "धाकट्याचं काही आलं का?" हे रोजचंच आहे. पोस्टमन दिसला की मला आधी धडकी भरते, तुझं पत्र आलंय म्हणून की आलेलं नाही म्हणून, ते माझं मलाच कळत नाही.

मुकादम


१२ मार्च

धाकट्या,

आईचा पाय जरा दुखावला आहे. बागेत पडली. काळजीचं काही नाही. या वयात पाय घसरतोच. दवाखान्यात नेलं आहे, डॉक्टर चांगले आहेत.

तू धावत येण्याची गरज नाही. आलास तरी करणार काय? इथे मी आहे, तुझी वहिनी आहे. कळवायचं म्हणून कळवलं.

दादा


१९ मार्च

मागच्या पत्रात मी जरा कमी लिहिलं. तुझी वहिनी म्हणते की खरं लिहा, नाहीतर मी लिहिते. तशीही ती आठवडाभर माझ्याशी फक्त "जेवायला या" आणि "दिवा घालवा" एवढंच बोलते.

आईचं खुब्याचं हाड मोडलं. परवा ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि चार स्क्रू घातलेत. पार पडलं नीट. डॉक्टरांना विचारलं, कधी चालायला लागेल? ते म्हणाले, आधी चाकाची खुर्ची, मग बघू. मग बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. आपल्या ऑफिसातही नको असलेल्या अर्जावर तेच लिहितात.

ती तुझ्या पायवाटेवर पडली, वाकड्या झाडाजवळ. कुत्रेवाल्या आजोबांचा कुत्रा भुंकायला लागला म्हणून आजोबा तिकडे गेले. त्यांनीच आरडाओरडा केला. त्यांना वाकता येत नाही, तरी ते तिच्याजवळ चिखलात बसून राहिले, स्वतःचा कोट तिच्या डोक्याखाली घालून. मी पोचलो तेव्हा कुत्रा तिच्या पायाशी पसरला होता.

गुंगीतून बाहेर येताना तिने काहीतरी विचारलं. मी कान जवळ नेला. मला वाटलं, माझं नाव घेईल. पाच रात्री मी त्या लोखंडी स्टुलावर बसून काढल्या होत्या. ती म्हणाली, "चष्म्याची डबी कुठंय?"

दिली. काय करणार.

सध्या एवढंच लिहितो.


६ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन शेडमधल्या शेगडीत गेली. या वेळी फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

आई त्या बांबूला अडखळून पडली. मी बांधलेल्या बांबूला. एक पाय तिने पलीकडे टाकला, दुसरा उचलता आला नाही.

तू म्हणशील, दादाला काय माहीत की आई तिकडून जाते. हेच मी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांना, मॅडमना, तुझ्या वहिनीला. पण तुझ्या वहिनीने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ताटाळ्यातले चमचे दाखवले. आपल्या घरात चमचे कोण उंचीप्रमाणे लावतं? टॉवेलांच्या घड्या मोठ्या खाली, लहान वर, कोण रचतं? त्या फांद्या पहिल्या दिवशी रचलेल्या पाहिल्या तेव्हाच मला कळलं होतं. आजोबांवरचा संशय वगैरे मी तुला आणि स्वतःला सांगितलेली थाप होती. मला माहीत होतं की ती आई आहे, की गुडघे दुखत असताना काठी टेकत ती रोज तुझ्या पायवाटेवर जाते आणि मी टाकलेले काटे हाताने उचलते. ते माहीत असताना मी तार आवळली.

ती पडावी असं माझ्या मनात नव्हतं, एवढं तरी मान. तिने वळावं एवढंच हवं होतं. बांबू बघून तिने माघारी यावं आणि एकदा, एकदाच, माझ्या पायऱ्यांनी यावं. उद्घाटनाच्या दिवशी ती आली होती त्यानंतर कधीच नाही. आणि तुझ्या त्या चिखलात मात्र रोज. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, की ती वळणावर बसून तुझ्या आठवणी काढते. या विचाराने माझं डोकं फिरायचं. मला तुझा हेवा वाटतो, धाकट्या. तू इथे असताना वाटायचा आणि गेल्यावर तर जास्तच, कारण गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि त्याला हरवताही येत नाही.

काल तिला खुर्चीत बसवून अंगणात आणलं. ऊन छान होतं. मी जमिनीवर बसून तिच्या पायाला तेल लावत होतो. वर न बघता बोललो, "तो बांबू मी बांधला होता."

ती म्हणाली, "मग दुसरं कोण बांधणार? असली घट्ट गाठ आपल्या घरात तूच मारतोस."

"मला माहीत होतं तू तिकडून जातेस."

मी तेल चोळत राहिलो. मग म्हणाली, "तेवढं मला माहीत नव्हतं."

एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मीच विचारलं, मला राहवलं नाही, "पण तू त्याच्या पायवाटेनं का जायचीस?"

"पायऱ्या चढवत नाहीत म्हणून. त्या दिवशी नऊ चढले आणि दहावीवर बसकण मारली, आठवत नाही?"

"मग सांगायचं होतंस."

"तुला? तुझ्या पायऱ्यांबद्दल?" म्हणाली. आणि हसली, हाड दुखलं म्हणून कळवळली, आणि परत हसली.

मग तिने सांगितलं. वळणावर जो बसका दगड आहे ना, त्यावर बसलं की ओढ्यापलीकडे माझी शेड दिसते. मधे बारा पावलांचं पाणी. रोज दहाला मी दारात बसून विळ्यांना आणि कात्र्यांना धार लावतो, चाकावर मान वाकवून. ती तिथे बसून मला बघायची. "घरात तू तोंड उघडत नाहीस," म्हणाली. "जेवतोस तेसुद्धा ताटाशी भांडल्यासारखं. तिथे धार लावताना गुणगुणतोस. लहानपणी गुणगुणायचास तसंच, सुरात नसलेलं. म्हटलं, पोरगा अजून आहे कुठेतरी आत. ते ऐकायला जायची."

धाकट्या, हे तुला लिहिताना मला बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय याची लाज वाटतेय. ती माझ्यासाठी जायची. तुझ्या पायवाटेनं, पण माझ्यासाठी. आणि ज्या दिवशी ती पडली त्या दिवशीही दहा वाजले होते, मी बारा पावलांवर होतो, आणि धारेच्या चाकाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

आता उरलेलं. ते मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला थांबवलं. "खड्यांचं ना?" म्हणाली.

त्या सात दिवसांत रोज संध्याकाळी आई डबे शेडमध्ये आणून ठेवायची. आणि मी रोज एक मूठ लाल डब्यातून हिरव्यात टाकायचो. रोज एकच मूठ. पहिल्या दिवशी आधी दार लावून घेतलं, सातव्या दिवशी तेही नाही. तुझी रेषा जिंकत होती. नुसती जिंकत नव्हती, माझा धुव्वा उडत होता.

आईला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डोळ्यांनी नाही पाहिलं तिने, पण आकडा तिच्या मनात होता. सातही दिवसांचा. काल मला न अडखळता सांगितला: लाल दोनशे सहासष्ट, हिरवा एकशे एकोणीस. मॅडम मोजत होत्या तेव्हा ती तिथेच उभी होती, हाताची घडी घालून.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू चोर ठरला असतास. मुकादमकी जाऊ दे, नोकरीही गेली असती. त्याला कुठेही काम मिळतं. तुला कोण देणार? या बागेबाहेर तू कधी गेलायस का?"

म्हणजे बघ, तिने माझी बाजू घेतली ती मी तुझ्याहून कमी म्हणून. तिथेही तूच पुढे. मला ते ऐकून जे झालं ते इथे लिहीत नाही, तुला अंदाज आहे.

मी विचारलं, "आणि तो? तो तुला खोटारडी समजून गेला."

ती म्हणाली, "समजू दे म्हटलं. एक पोरगा रागावून गेलेला परवडला. दुसरा तोंड लपवून गेला असता तर परत आला नसता." मग चष्मा काढायला तिने डबी उघडली, तुझं कार्ड बाहेर आलं, आणि ते वाचता वाचता तिचे डोळे भरले. तीन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तू तिच्याशी बोलणं टाकलंस ते माझ्या मुठीमुळे, आणि ती एका अक्षराने तुला सांगत नव्हती, ते माझ्या भाकरीसाठी.

आता तुला कळलं. रागव, ये, नको येऊस, माझं काही म्हणणं नाही. पण तिला लिही. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. तिने तुझा एकही खडा चुकवलेला नाही.

दादा


२८ मे

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असं मी म्हणणार नाही.

तुझी पायवाट मी मोकळी केली. बोगनवेल मुळापासून काढली, हात अजून ओरबाडलेले आहेत. बांबू त्याच दिवशी काढला होता. मॅडमकडे गेलो आणि खड्यांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहून द्या. लिहून दिलं. मुकादमकी राहते की जाते ते पुढच्या महिन्यात कळेल. लिहून देताना मी त्यांना एक मागितलं, की ती रेषा खुर्चीच्या चाकांपुरती रुंद करू द्या. त्या स्वतः येऊन ती रेषा चालल्या. म्हणाल्या, संपूर्ण बागेत एवढा सौम्य उतार दुसरा नाही, ही आधी का नाही घेतली आपण? अर्जात सगळं लिहिलंच होतं.

रुंद करताना दोरी लावून सरळ करायला गेलो आणि पहिल्याच वळणाला कळलं की सरळ करता येणार नाही. तू जिथे वाकला होतास तिथे खाली मुळं आहेत, पुढे वाकलास तिथे ओल आहे. मी तीन वर्षं तिला वाकडी म्हणत होतो. तू जमिनीला विचारून चालला होतास. मी जमिनीला सांगत होतो. हे मला कबूल आहे. बारीक खडी टाकली, धुमसाने ठोकली, कडेला फळ्या लावल्या. तुझं एकही वळण बदललेलं नाही.

आज सकाळी आईला घेऊन गेलो. पुलावरून उतरताना ती म्हणाली, "हळू, मी काय माती आहे का ढकलगाडीतली?" फाट्यावर ती थांब म्हणाली. तिथल्या बाकाकडे बघत बसली थोडा वेळ. मग खाली वळलो. कुत्रेवाले आजोबा समोरून आले, टोपी काढली, तिची चौकशी केली, माझ्याकडे बघून मान हलवली. कुत्रा मोकळाच होता. मी त्याला जायला खुर्ची बाजूला घेतली.

बसक्या दगडाजवळ खुर्ची लावली. पलीकडे शेडचं दार दिसत होतं, धारेचं चाक, माझं स्टूल. खरोखर सगळं दिसतं तिथून. मी स्वतःला तिथे बसलेला बघायचा प्रयत्न केला. फार लहान दिसत असणार.

शेडमधून मी तुझा लाल डबा आणला होता. त्यात खिळे होते, ते काढून घासून ठेवला होता. आईला म्हटलं, आपण ते खडे परत भरूया. मी ओढ्यातून ओंजळीने खडे काढायचो, ती मांडीवर फडकं घेऊन एकेक मोजून डब्यात टाकायची. दुपार झाली. दोनदा मी मधेच बोललो म्हणून तिचा आकडा चुकला आणि तिने पहिल्यापासून मोजायला घेतलं. तुला माहीत आहे ती कशी आहे. दोनशे सहासष्टावर तिने हात झाडले.

मी म्हटलं, आज तू आलीस या पायवाटेनं, तुझा एक टाक.

ती म्हणाली, "माझा कसला? मला ढकलत आणलं. ज्याचे पाय मातीला लागले त्याचाच खडा. नियम आहे धाकट्याचा."

मग तिने फडक्यावर उरलेला एक खडा उचलला, माझ्या हातात दिला आणि डबा पुढे धरला.

तर सोबत डबा पाठवतो आहे. झाकण तारेने बांधलंय, पक्कड लागेल. खडे तू स्वतः मोज, आता माझ्या मोजणीवर विश्वास ठेवायचं तुला काही कारण नाही. दोनशे सदुसष्ट भरतील. आईच्या आकड्याहून एक जास्त आहे, तो माझा.

दादा